पोटातल्या पाण्यात सापडलेली गळ्याची गाठ

प्रिय आई,

मागच्या मंगळवारी बिल्डिंगमध्ये वाळवीचं औषध मारायला माणसं येणार होती, म्हणून मी तुमचं कपाट रिकामं करायला घेतलं. तुम्ही गेल्यापासून पाच महिने त्याला कोणी हात लावला नव्हता. समीरला आपल्या आईचं कपाट उघडवत नव्हतं आणि मला वेळ नव्हता. निदान मी तसं सांगायचे.

खालच्या कप्प्यात, इस्त्रीच्या साड्यांखाली, एक खाकी पाकीट होतं. वर काहीच लिहिलेलं नव्हतं. हळदीच्या डब्यावर 'हळद' आणि मिठाच्या बरणीवर 'मीठ' लिहिणाऱ्या बाईच्या कपाटात बिननावाचं पाकीट?

आत ठाण्याच्या एका हॉस्पिटलचे सोळा वर्षांपूर्वीचे कागद होते. तुमच्या गळ्यातून काढलेल्या गाठीचा रिपोर्ट. माझा दिवस असल्या रिपोर्टांमध्येच जातो, त्यामुळे कोणती ओळ आधी वाचायची ते मला माहीत होतं. थायरॉइडचा कॅन्सर, असं तिथे स्वच्छ लिहिलेलं. शेवटी रिपोर्ट मिळाल्याची सही. तुमची, वळणदार, पूर्ण नावाची.

म्हणजे तुम्हाला माहीत होतं. सोळा वर्षं माहीत होतं.

आज सोमवार. सहा दिवस मी डबे भरतेय, लॅबमध्ये जातेय, ईराचा अभ्यास घेतेय, पण एका जागी दहा मिनिटं बसवत नाहीये. भांडायचंय, पण कोणाशी? ज्यांच्याशी भांडायचं त्या तुम्हीच नाही. म्हणून लिहितेय. माझं 'गेलेली', 'आलेली' तुम्हाला कधी आवडलं नाही. "वैशाली, 'गेले होते' म्हणावं," असं तुम्ही लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी सांगितलंत. मी कळव्याची, आमच्याकडे सगळे असंच बोलतात. आज तसंच लिहिणार आहे. चालवून घ्या.

मागच्या वर्षी तुमचं पोट वाढायला लागलं, त्याला तुम्ही गॅस म्हणालात. निऱ्या खोचताना तुम्ही मध्येच थांबायचात, ते मी बघत होते. हात-पाय बारीक होत चाललेले आणि पोट तेवढं पुढे. ओवा झाला, हिंग झाला, गरम पाणी झालं, त्यात महिना गेला. शेवटी समीरने तुम्हाला जवळजवळ ओढतच डॉक्टरांकडे नेलं. सोनोग्राफीत पोटात पाणी दिसलं. पुष्कळ. डॉक्टर म्हणाले, टीबी असेल, लिव्हर असेल, अंडाशयही असू शकतं. पाणी काढून तपासल्याशिवाय सांगता येणार नाही.

पाणी काढलं त्या दिवशी मी रजा घेऊन तुमच्याबरोबर आलेली. सुई घालताना तुम्ही छताकडे बघत एकोणतीसचा पाढा म्हणत होतात. नर्स हसली. तीस वर्षं गणित शिकवलेल्या बाई दुसरं काय म्हणणार?

बाटली आमच्याच लॅबला जाणार होती, म्हणून फॉर्म मीच भरला, तुमच्या कॉटच्या कडेला बसून. नाव, वय अडुसष्ट, पत्ता डोंबिवली पूर्व. मग 'पूर्वीचे आजार व शस्त्रक्रिया' हा रकाना आला.

"गळ्याचं ऑपरेशन लिहू ना?" मी विचारलं. कारण तेवढं मला ठाऊक होतं. तुमच्या गळ्याच्या घडीत एक बारीक रेघ होती. साधी गाठ होती, काढून टाकली, असं तुम्ही मला लग्नानंतर कधीतरी सांगितलेलं.

"ते कशाला? गळ्याचा आणि पोटाचा काय संबंध?" तुम्ही म्हणालात. "काही नाही म्हणून लिही."

मी लिहिलं, काही नाही.

आई, हॉस्पिटलांना फोन करून मी रोज कटकट करते, की पेशंटची माहिती नीट लिहा, रकाने कोरे सोडू नका. आणि आपल्या घरच्या बाटलीवर मी स्वतः 'काही नाही' लिहिलं. तुम्ही सांगितलंत आणि मी ऐकलं. अकरा वर्षांत तुमचं इतकं चटकन मी दुसरं काही ऐकलं होतं का?

माझं काम तुम्हाला कधी आवडलं नाही. पाहुण्यांना "सून लॅबमध्ये आहे" एवढं सांगून तुम्ही विषय बदलायचात. लोकांच्या थुंकी-लघवीत हात घालते, असं तुम्ही एकदा फोनवर कोणालातरी म्हणालेलात, ते मी ऐकलेलं. म्हणून आज सांगते, त्या दिवशी मी काय केलं.

तुमचं पाणी पिवळट होतं, थोडं गढूळ. नळ्यांमध्ये भरून मशीनवर गरगर फिरवलं की त्यातल्या पेशी तळाला बसतात. तो गाळ काचेवर पसरायचा आणि रंगवायचा. मी हे रोज करते. त्या दिवशी काचेवर तुमचा नंबर घातला आणि तो तीनदा ताडून बघितला. मग काच मायक्रोस्कोपखाली सरकवली.

निदान करणं माझं काम नाही, ते डॉक्टरांचं. पण इतक्या वर्षांनी डोळ्यांना कळतं. पेशी सुट्या नव्हत्या. फ्लॉवरच्या तुऱ्यांसारखे झुबके होते, एकावर एक चढलेले. मध्येच वाळूच्या कणांसारखे गोळे, कांदा आडवा कापल्यावर दिसतात तशा कड्या असलेले. टीबीत असं दिसत नाही. मी खुर्ची मागे सरकवली, बेसिनपाशी गेले आणि बराच वेळ हात धूत राहिले.

मग आमच्या पॅथॉलॉजिस्ट सबनीस मॅडमनी काच बघितली. त्यांना माहीत होतं कोणाची आहे ती. "कॅन्सर आहे, वैशाली," त्या म्हणाल्या. "अंडाशयाचा वाटतोय. या वयात असं पाणी, असे झुबके, बहुतेक वेळा तेच निघतं." रक्ताच्या तपासणीतही तसंच काहीसं आलेलं.

संध्याकाळी घरी आले तर तुम्ही पोळ्यांची कणीक भिजवून माझी वाट बघत होतात.

"काय दिसलं?"

"अजून रिपोर्ट यायचाय."

"तू पाहिलं नाहीस?"

"नाही."

कॉपी करणाऱ्या मुलीकडे बघावं तसं तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मी पोळ्या लाटल्या, तुम्ही भाजल्यात. मला वाटत होतं, मी तुम्हाला जपतेय. तुम्हाला काय वाटत होतं? तव्यावर पोळी उलटताना तुम्ही गळ्याचा विचार करत होतात का?

पुढचे तीन आठवडे अंडाशयाच्या मागे गेले. स्कॅन झालं, ऑपरेशनची तारीख मिळाली. पण स्कॅनमध्ये अंडाशयं जवळपास ठीकच दिसत होती, आणि ते मॅडमना खटकलं. त्यांनी जुन्या काचा परत काढल्या. एका सकाळी मला हाक मारली.

"इकडे ये. या पेशींची केंद्रं बघ. गव्हाच्या दाण्याला मध्ये चीर असते ना, तशी चीर आहे प्रत्येकात. आणि या काहींमध्ये पोकळी, भोक पडल्यासारखी. अंडाशयाच्या पेशी अशा नसतात सहसा." मग त्यांनी मायक्रोस्कोपवरून मान वर केली. "तुझ्या सासूबाईंचं गळ्याचं काही झालेलं का कधी?"



"गाठ काढलेली. साधी होती."

"साधी होती असं कोण म्हणालं?"

"त्याच."

"मग फॉर्मवर का नाही ते?"

"मीच भरला तो. त्यांनी नको म्हटलं," मी म्हणाले. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

तुमच्या पाण्यातल्या गाळाचा मेणात एक ठोकळा करून ठेवलेला. त्याचे काप ठाण्याच्या एका मोठ्या लॅबला पाठवले. थायरॉइडच्या पेशी एक प्रोटीन बनवतात, जे शरीरातल्या दुसऱ्या कुठल्या पेशी बनवत नाहीत. त्याच्यासाठी खास रंग असतो. प्रोटीन असलं की काप तपकिरी दिसतो. चार दिवसांनी ती काच आणायला मी स्वतः ठाण्याला गेलेली. मॅडमनी ती लावली आणि मला बघायला दिली. झुबकेच्या झुबके तपकिरी. पोटाच्या पाण्यात गळ्याच्या पेशी फिरत होत्या.

"इतक्या वर्षांत मी हे दुसऱ्यांदा बघतेय," मॅडम म्हणाल्या. "फार क्वचित होतं असं. ती गाठ साधी नव्हती, वैशाली. जुने कागद शोधा."

त्या दुपारी मी लवकर घरी आले. समीर ऑफिसात होता. तुम्ही बाल्कनीत बसून ईराच्या वहीतली गणितं तपासत होतात. या वेळी मी खोटं बोलणार नव्हते.

"आई, अंडाशयाचं नाहीये. गळ्याचं आहे. ती तुमची जुनी गाठ होती ना, तिचं."

तुम्ही पेनाला टोपण लावलंत, पेन वहीत ठेवलंत, वही मिटलीत.

"परत?" तुम्ही म्हणालात.

मला वाटलं, तुम्हाला नीट ऐकू आलं नाही. म्हणून मी पुन्हा सगळं सांगितलं, सावकाश, मोठ्याने. तुम्ही मान हलवत ऐकून घेतलंत. तो 'परत' कसला होता, हे मला मागच्या मंगळवारी तुमच्या कपाटासमोर बसल्यावर कळलं.

जुने कागद मागितले तर तुम्ही म्हणालात, "ते गेले सगळे. तळमजल्यावर राहत होतो तेव्हा घरात पाणी शिरलं होतं ना, त्यात." समीरला पटलं, कारण पाणी खरंच शिरलं होतं. त्याच्या दहावीच्या मार्कशीटचा त्या वेळी लगदा झाल्याची गोष्ट त्याने डॉक्टरांनाही सांगितली. आई, त्या पाकिटावर पाण्याचा एक डाग नाही.

मग मुंबईच्या फेऱ्या सुरू झाल्या. या कॅन्सरला किरणोत्सर्गी आयोडीनचं औषध असतं, ते पेशी स्वतःच ओढून घेतात आणि मरतात, असं डॉक्टरांनी समजावलं. तुम्ही शहाण्या विद्यार्थिनीसारख्या ऐकत होतात, जणू पहिल्यांदाच ऐकताय. स्कॅनमध्ये कळलं, की तुमच्या पेशी आता आयोडीन घेतच नाहीत. मग गोळ्या. त्यांनी तळपायाची सालं निघाली, जेवण जाईना. दर पंधरा दिवसांनी पोटातलं पाणी काढायचं आणि ते पुन्हा भरायचं. आठ महिन्यांनी, एका बुधवारी सकाळी, समीर तुम्हाला चमच्याने चहा पाजत होता आणि तुम्ही दुसरा चमचा घेतला नाहीत.

तोवर माझ्या मनात एकच बोचत होतं, तो फॉर्म. मॅडमना मी विचारलं, त्या तीन आठवड्यांनी काही फरक पडला का? त्या म्हणाल्या, "नाही. तीन आठवड्यांनी नाही." मग म्हणाल्या, "तीन-चार वर्षं आधी कळलं असतं तर कदाचित." तेव्हा मी त्यावर विचार केला नाही. आता दुसरं काही सुचत नाही.

कारण पाकिटात फॉलोअपचं कार्ड आहे. पाच वर्षं तुम्ही न चुकता ठाण्याला गेलात. दर वेळी रक्त तपासलं, दर वेळी सगळं ठीक. शेवटच्या नोंदीत लिहिलंय, दरवर्षी एकदा तपासणी आवश्यक. त्यापुढे कार्ड कोरं आहे. त्या शेवटच्या तारखेनंतर दोन महिन्यांनी आमचं लग्न झालं.

वर्षातून एकदा रक्ताची एक तपासणी, एवढंच होतं ना? मी घरात होते, आई. आपल्या बिल्डिंगमधल्या अर्ध्या लोकांचं रक्त मी घेते. तुमचंसुद्धा घ्यायचे. थायरॉइडची गोळी चालू आहे म्हणून दरवर्षी तुमची टीएसएच ही थायरॉइडची रक्ततपासणी मीच करायचे. आकडा नेहमी कमी यायचा आणि मी म्हणायचे, गोळी जास्त होतेय, डॉक्टरांना सांगून कमी करून घ्या. तुम्ही म्हणायचात, "ज्यांनी दिली आहे त्यांना कळतं." खरंच कळत होतं त्यांना. कॅन्सर परत येऊ नये म्हणूनच ती जास्त दिलेली असते. हे मी शिकलेली आहे. डोळ्यांसमोर असून मला दिसलं नाही.

त्याच नळीतल्या रक्तातून ती दुसरी, कॅन्सर परत आलाय का ते सांगणारी तपासणी झाली असती. तुम्हाला फक्त एक वाक्य बोलायचं होतं.

हॉस्पिटलच्या कागदांवर नातेवाइकाच्या जागी ना समीरचं नाव होतं ना तुमच्या भावाचं. 'सौ. ताम्हाणे, मैत्रीण' असं होतं. तुमच्या शाळेतल्या, सातवी-ब च्या ताम्हाणे बाई. गुरुवारी अर्धा दिवस रजा टाकून मी टिटवाळ्याला गेलेली. त्यांच्या गुडघ्यांचं ऑपरेशन झालंय, वॉकर घेऊन दाराशी आल्या. मला बघून त्यांना नवल वाटलं नाही.

"मला वाटलं होतं, तू तेराव्यालाच विचारशील," त्या म्हणाल्या. "बस. पाणी घे आधी."

मग त्यांनी सांगितलं. समीरचे बाबा जाऊन वर्षही झालं नव्हतं आणि तुमच्या गळ्याला गाठ लागली. समीर वीस वर्षांचा, इंजिनीअरिंगच्या मध्यावर. नुकता बाप गेलाय, आता आईचंही ऐकवू कसं, असं तुम्ही म्हणालात. मे महिन्याच्या सुट्टीत ऑपरेशन केलंत आणि त्याला साधी गाठ सांगितलीत. पुढे आयोडीन दिलं, तेव्हा काही दिवस माणसांपासून लांब राहायचं होतं. तेव्हा बाईंनी त्यांचं हेच घर तुम्हाला दिलं आणि स्वतः भावाकडे जाऊन राहिल्या. समीरला तुम्ही सांगितलंत, नाशिकला शिक्षकांचं ट्रेनिंग आहे.

"एकटी राहिली इथे," बाई म्हणाल्या. "मी दारात डबा ठेवायचे आणि जिन्यावर उभी राहायचे. ती दार उघडून डबा घ्यायची. तेवढंच दिसायची. मी विचारायचे, शालिनी, बरी आहेस ना? म्हणायची, पेपर तपासते आहे. कुठले पेपर सुट्टीत?"

मी विचारलं, "मग तपासण्या का बंद केल्या? पाच वर्षं तर केल्या."

बाईंनी खिडकी लावून घेतली. समोर नव्या टॉवरचं काम चाललेलं.

"तुझं स्थळ आलं म्हणून," त्या म्हणाल्या.

मला आधीच वाटलेलं ते.

"तू तिला पाहताक्षणी आवडली होतीस. पण म्हणाली, मुलगी लॅबमध्ये आहे. हॉस्पिटलचा एक कागद जरी दिसला तरी तिला कळेल, आणि तिच्या घरचे नाही म्हणतील. मी म्हटलं, अगं, लग्न होऊ दे, मग सांग. तर म्हणाली, मग सांगितलं तर फसवलं म्हणेल. दरवर्षी म्हणायची, या वर्षी सांगते. तिला वाटायचं, पाच वर्षं ठीक गेली म्हणजे गेलं."

"आणि शेवटी? शेवटी तरी कागद द्यायचे. डॉक्टर मागत होते."

"मी तेच म्हटलं तिला फोनवर. म्हणाली, कागद दाखवले तर तारखा दिसतील. सून हुशार आहे, जोडेल. आयुष्यभर स्वतःला दोष देत बसेल."

हुशार आहे, असं तुम्ही म्हणालात? माझ्या तोंडावर एकदा तरी म्हणायचंत.

परत येताना मला एक जुनी गोष्ट आठवली. ईराच्या वेळी मला तिसरा महिना होता, आणि माझं थायरॉइड थोडं वर गेलेलं. दहातल्या दोन-तीन बायकांना होतं तसं. तुम्ही हट्टच धरलात, की गळ्याची सोनोग्राफी करून घे. मी म्हटलं, काही गरज नाही, मला कळतं यातलं. तुम्ही माझ्या आईला कळव्याला फोन केलात, समीरला सांगितलंत, दोन दिवस जेवला नाहीत. मी समीरला म्हटलं, तुझ्या आईला सगळ्यात नाक खुपसायची सवय आहे. शेवटी सोनोग्राफी केली, काही निघालं नाही, आणि मी रिपोर्ट तुमच्यासमोर टेबलावर आपटला. "बघा. झालं समाधान?"

तुम्ही तो उघडून पूर्ण वाचलात आणि देवापुढे नेऊन ठेवलात. मी त्यावर मैत्रिणींमध्ये हसले. आई, त्याबद्दल मला माफ करा. बाकीचं भांडण आहेच, पण त्याबद्दल माफ करा.

समीरला सांगू नकोस, असं बाईंनी जाताना म्हटलं. तुम्ही त्यांच्याकडून वचन घेतलेलं म्हणे. माझ्याकडून घेतलं नव्हतंत. काल रविवारी सकाळी नाश्ता झाल्यावर मी पाकीट त्याच्यासमोर ठेवलं आणि सगळं सांगितलं.

तो कागद पुन्हा पुन्हा पुढे-मागे करत राहिला. मग म्हणाला, "नाशिकचं ट्रेनिंग? मला आठवतं ते. मी मित्र बोलावलेले घरी राहायला. आईचा फोन आलेला, काय करतोस म्हणून. मी म्हटलं, तू ये आरामात, आम्ही मजेत आहोत. ठेवला पण मीच पहिला." त्याने चपला घातल्या आणि बाहेर गेला. स्टेशनपर्यंत चालत गेला, तिथून पुढे कुठेतरी, दोन तासांनी आला. शर्ट घामाने भिजलेला.

आल्याआल्या त्याने मला विचारलं, "तुला तेव्हा सांगितलं असतं, तर तू हो म्हणाली असतीस?"

"अर्थात," असं मी म्हणणार होते, पण ते खरं होतं का?

माझे बाबा नाही म्हणाले असते, हे नक्की. त्याच महिन्यात विठ्ठलवाडीचं एक स्थळ आलेलं, मुलगा बँकेत. पण मी? मी चोवीस वर्षांची होते, या लाइनमध्ये नवीन. थायरॉइडचा कॅन्सर बहुतेकांचा बरा होतो हे पुस्तकात वाचलेलं. ते मी बाबांना समजावलं असतं, की गप्प बसून विठ्ठलवाडीला हो म्हटलं असतं? सहा दिवस मी तुम्हाला चुकीचं ठरवतेय, आणि समीरच्या एका प्रश्नाला माझ्याकडे खरं उत्तर नाही. "माहीत नाही," असं मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, "आईलाही माहीत नव्हतं." आणि आंघोळीला गेला.

तेव्हाचं मी समजू शकते, आई. तेव्हा आपली ओळख ती काय, पोह्यांची एक बशी. पण नंतर अकरा वर्षं आपण एका ओट्यापाशी उभ्या राहिलो. माझं बाळंतपण तुम्ही केलंत. माझे बाबा गेले तेव्हा कळव्याला येऊन चार दिवस तुम्ही माझ्या आईची वेणी घातलीत. इतकं झाल्यावरही मी तुम्हाला तीच, कागद बघून उठून जाणारी मुलगी वाटत होते का? की मी वागलेच तशी? त्या आपटलेल्या रिपोर्टानंतर तुम्ही परत कधी माझ्याशी दुखण्याबद्दल बोलला नाहीत, हे माझ्या आता लक्षात येतंय.

राग गेलेला नाही. जाईल असं म्हणत नाही. तुम्ही मला वाचवायला गेलात आणि मला तुम्हाला वाचवू दिलं नाहीत. हे न्याय्य आहे का? तुम्हीच सांगा, वर्गात अशी मुलगी असती तर तुम्ही तिला किती मार्क दिले असते?

पण काही गोष्टी मी ठरवल्यात, त्या सांगते. शुक्रवारी समीरच्या गळ्याची सोनोग्राफी आहे. तो नाही म्हणाला, मी दोन दिवस जेवणार नाही असं सांगितलं, मग हो म्हणाला.

आणि ईरा. आजीच्या पोटात पाणी झालेलं, एवढंच आम्ही तिला सांगितलंय. गेल्या आठवड्यात ती पाण्याची बाटली संपवायला घाबरत होती, जास्त प्यायलं तर पोटात साठेल म्हणून. नऊ वर्षांच्या मुलीला आम्ही काय सांगून बसलोय? आज शाळेतून आली की मी तिला सगळं सांगणार आहे, आजाराच्या नावासकट. आजीने एकटीने काय काय सोसलं, तेही.

ती मोठी होईल, कधीतरी कोणी तिला बघायला घरी येतील. किंवा तीच कोणाला घेऊन येईल. तेव्हा चहा ठेवायच्या आधी मी बाहेर येऊन बसेन आणि सांगेन, हिच्या आजीला थायरॉइडचा कॅन्सर होता, दोनदा झालेला, आणि त्या माझ्या सासूबाई होत्या. उठून जायचं असेल त्यांनी जावं. दार मी स्वतः उघडून देईन. हा शब्द देते तुम्हाला.

तुमची, अजून रागावलेली,
वैशाली